दुर्बिणीआधी दिनदर्शिका: तारकागुच्छ आणि दीर्घिका कधी पाहाव्यात

दुर्बीण कोणती घ्यावी, हा प्रश्न मला पालकसभेपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही विचारला जातो. मी साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवते. सासर माण तालुक्यातलं, त्यामुळे सुट्टी लागली की माळावर दुर्बीण लावते, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. माझं उत्तर ठरलेलं आहे: दुर्बिणीचं नंतर बघू, आधी भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढा. साधी दहा बाय पन्नासची (दहापट मोठं दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगांची) बायनॉक्युलर योग्य रात्री जे दाखवते, ते आठ इंच तोंडाची, म्हणजे आठ इंची दुर्बीण भलत्या रात्री दाखवत नाही. चंद्र आणि गुरू शहरातल्या गच्चीवरूनही बघता येतात. तारकागुच्छ आणि दीर्घिका यांची मात्र वेळ साधावी लागते.

वेळ साधायची म्हणजे तीन गोष्टी जुळवायच्या. आकाशात चंद्र नको, बघायची वस्तू उंच आलेली हवी आणि हवा स्वच्छ हवी. यातल्या पहिल्या दोन गोष्टी दिनदर्शिकेत छापलेल्याच असतात.

चंद्राचा हिशेब

संकष्टीचा चंद्रोदय घरात सगळ्यांना ठाऊक असतो, कारण उपास सोडायचा असतो. तोच आकडा धरा. त्यानंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. संकष्टीला सव्वानऊला उगवला, तर वद्य अष्टमीला साडेबाराच्या सुमारास येणार. म्हणजे अष्टमीपासून संध्याकाळ ते मध्यरात्र तुम्हाला मोकळी. अमावास्येच्या दोन-तीन दिवस आधीपासून शुद्ध तृतीयेपर्यंत जवळजवळ सगळी रात्र मिळते. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, तेव्हा त्या दिवसांत पहाटे उठायची तयारी हवी. पौर्णिमेच्या मागचेपुढचे चार-पाच दिवस खुशाल झोप काढा.

सगळ्या वस्तूंना चंद्राचा त्रास सारखा होत नाही, आणि हे कळलं की अर्धं नियोजन होतं. खुला तारकागुच्छ म्हणजे सुट्या सुट्या ताऱ्यांचा समूह. प्रत्येक ताऱ्याचा प्रकाश एका टिंबात एकवटलेला असतो, त्यामुळे थोडं चांदणं तो सोसतो. कृत्तिका अष्टमीच्या चंद्रातही छान दिसतात. दीर्घिकेचं तसं नाही. देवयानी दीर्घिकेची प्रत (तेजाचा आकडा, जितका लहान तितकी वस्तू ठळक) ३.४ असल्याचं वाचून एखाद्याला वाटेल, ही तर सहज दिसणार. पण तो सगळा प्रकाश सहा पूर्णचंद्रांएवढ्या लांबीच्या पट्ट्यात वाटला गेलेला आहे. पार्श्वभूमी जरा उजळली की कडा विरतात आणि मधला धुरकट ठिपका तेवढा उरतो. बंदिस्त तारकागुच्छ, म्हणजे असंख्य ताऱ्यांचे दाट गोळे, या दोघांच्या मधले. म्हणून मी दीर्घिका अमावास्येच्या आगेमागे ठेवते, बंदिस्त गुच्छ त्या आठवड्यात आणि खुले गुच्छ अगदी षष्ठी-सप्तमीपर्यंत.

सूर्य मावळला म्हणजे लगेच काळोख झाला, असंही नाही. तो क्षितिजाखाली १८ अंश गेल्यावरच संधिप्रकाश पुरता संपतो. आपल्याकडे त्याला साधारण सव्वा तास लागतो, ही आपल्या अक्षांशाची कृपा. माझी भाची लंडनला असते, तिला जूनमध्ये असा पुरता काळोख रात्रभर मिळत नाही.

महिना सांगतो माथ्यावर काय आहे

कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो, मार्गशीर्षातला मृगाजवळ, पौषातला पुष्याजवळ, माघातला मघेजवळ. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. तेव्हा त्या महिन्याचं नक्षत्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतं, मध्यरात्री सर्वांत उंच येतं आणि पहाटे मावळतं. रात्रभर ते आकाशात असतं. महिन्याचं नाव घेतलं की त्या रात्रीचं मधलं आकाश कळलं, एवढी सोय आपल्याकडे आयती आहे.

मध्यरात्री जागणं जमत नसेल, तर पुढचा हिशेब करा. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. कृत्तिका नोव्हेंबरच्या मध्यावर पाऊणच्या सुमारास माथ्यावर असतात, डिसेंबरच्या मध्यावर पावणेअकराला, जानेवारीच्या मध्यावर पावणेनऊला. लहान मुलांना दाखवायच्या असतील, तर जानेवारीच उत्तम. अधिक मास आला की तिथ्या सरकतात, म्हणून वेळा मी इंग्रजी तारखांनी लिहिते आणि चंद्र तिथीने पाहते.

आणखी एक. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि आपण राहतो चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरवर. आपली खरी मध्यरात्र घड्याळात साडेबाराच्या आसपास होते. एखाद्या तक्त्यात ‘मध्यरात्री माथ्यावर’ असं दिसलं, तर अर्धा तास मिळवा.

शेतकऱ्यांची पावसाची नक्षत्रं यात मिसळू नका. ८ जूनच्या सुमारास मृग लागतो, तेव्हा सूर्य मृगात गेलेला असतो. साहजिकच ते नक्षत्र तेव्हा दिवसा आकाशात असतं आणि रात्री दिसत नाही. मुलांचा इथे हमखास घोटाळा होतो.

चैत्र अमावास्येची रात्र

वर्षातली एकच रात्र निवडा म्हटलं, तर मी चैत्र अमावास्येच्या आसपासची निवडेन. ती बहुधा एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या सुरुवातीला येते. शाळेच्या परीक्षा उरकलेल्या असतात, रात्री उबदार असतात आणि एका रात्रीत आकाशाचे तीन वेगळे प्रांत पुढ्यातून जातात.

सव्वाआठला काळोख झाला की आधी पुष्याकडे वळा. कर्क राशीतला मधमाश्यांचा गुच्छ, म्हणजे एम ४४ (एम म्हणजे मेसिए या खगोलनिरीक्षकाच्या यादीतला क्रमांक), तेव्हा माथ्यावरून किंचित पश्चिमेकडे कललेला असतो. हा गुच्छ आपल्याला जवळजवळ डोक्यावरून जाताना दिसतो, त्यामुळे हवेचा सर्वांत पातळ थर मध्ये येतो. गॅलिलिओने दुर्बीण लावली तेव्हा जिथे धुरकट डाग होता तिथे त्याला चाळीसेक तारे मोजता आले. बायनॉक्युलरने तुम्हालाही जमेल.

दहा-साडेदहानंतर दीर्घिका. सिंहाच्या शेपटीचा तारा उत्तरा फाल्गुनी आणि कन्येतला विंडेमिअॅट्रिक्स या दोघांच्या मधला पट्टा म्हणजे कन्या दीर्घिकासमूह, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर. बायनॉक्युलर इथे कमी पडते, आठ इंची हवी. दुर्बीण हळूहळू सरकवत न्या, एकामागून एक फिकट ठिपके येत राहतात. त्यातली एम ८७ जरूर शोधा. २०१९ मध्ये कृष्णविवराच्या सावलीचं जे पहिलं चित्र जगाने पाहिलं, ते हिच्या गाभ्यातलं. डोळ्यांना दिसतो तो नुसता गोल धुरकट ठिपका, पण तो कशाचा आहे हे माहीत असलं की मी तिथून लवकर हलत नाही.

मग दक्षिण. साडेअकराच्या सुमारास ओमेगा सेंटॉरी सर्वांत उंच येतो, आणि या एका गुच्छासाठी तरी एप्रिल-मे चुकवू नका. एप्रिलच्या मध्यावर त्याची वेळ साधारण साडेबारा, मेच्या मध्यावर साडेदहा. त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन तास तो चांगला दिसतो. शोधायची युक्ती अशी: चित्रा दक्षिणोत्तर रेषेवर आली की तिच्यापासून सरळ खाली क्षितिजाकडे या. हात ताठ करून धरलेली मूठ सुमारे दहा अंशांची होते. अशा साडेतीन मुठी खाली, क्षितिजापासून अडीच मुठींवर, एक जरासा फुगलेला तारा दिसेल. प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीने त्याला ताराच म्हटलं होतं. १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून पाहताना एडमंड हॅलीला तो तारा नसल्याचं कळलं. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरचा हा बंदिस्त गुच्छ, आणि त्यात कोटीभर तारे. लंडनहून तो कधीच उगवत नाही. आपल्याला माळावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

बायनॉक्युलरमध्ये तो कापसाळ गोळा वाटतो. आठ इंची दुर्बिणीत शंभरपट मोठा करून पाहिला, की आधी नुसता उजेड दिसतो. डोळा लावून थोडा वेळ थांबलं, की कडेचे तारे सुटे व्हायला लागतात, मग आणखी आतले, आणि शेवटी मधोमधही बारीक कण लुकलुकायला लागतात. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, रांगोळी सांडल्यावानी दिसतंय की!” याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही. त्याच्या वर अर्ध्या मुठीवर नरतुरंग तारकासमूहातली एनजीसी ५१२८ (एनजीसी ही आणखी एक यादी) ही दीर्घिका आहे. आकाश खरंच काळं असेल, तर तिच्या मधोमध जाणारा धुळीचा पट्टा आठ इंचीतून ओळखता येतो. दक्षिणेला गावाचा उजेड असेल, तर तिचा नाद सोडा.

अजून दम असेल तर तीनपर्यंत थांबा. वृश्चिकाचा आकडा वर आलेला असतो. ज्येष्ठेला खेटून एम ४, आकड्याच्या टोकाला मूळ नक्षत्राजवळ एम ६ आणि एम ७, त्यांच्यापलीकडे धनू राशीत एम २२. एम ७ साठी बायनॉक्युलरच चांगली, दुर्बिणीत तो मावत नाही. उत्तरेकडे शौरी तारकासमूहातला एम १३ याच वेळी उंच असतो.

या दिवसांतली अडचण एकच, धूळ. उन्हाळ्यात क्षितिजालगतचा एक हातभर भाग मातकट होतो आणि ओमेगा सेंटॉरी नेमका त्याच्या काठावर. म्हणून वळवाची वाट बघा. दुपारी-संध्याकाळी वळीव कोसळून गेला आणि रात्री नऊपर्यंत ढग पांगले, तर सगळी कामं बाजूला ठेवून बाहेर पडा. धुऊन निघालेल्या हवेत दक्षिण क्षितिजापर्यंत तारे उतरतात. अशी हवा एक-दोन रात्रीच टिकते.

पावसाळा आणि त्यानंतर

धनू-वृश्चिक संध्याकाळी माथ्यावर येतात ते आषाढ-श्रावणात, आणि तेव्हा आपल्याकडे ढग. माणदेश पर्जन्यछायेतला असला तरी जुलै-ऑगस्टचा भरवसा तिथेही नाही. त्यामुळे आकाशगंगेचा गाभा वैशाखात पहाटे बघून घ्यावा. राहिलाच, तर कोजागरीनंतरच्या वद्य पक्षात काळोख पडताच नैर्ऋत्येला तासभर मिळतो.

लक्ष्मीपूजनाची अमावास्या काळीकुट्ट असते खरी, पण फटाक्यांचा धूर आणि रोषणाई यांपुढे तिचा उपयोग नाही. कार्तिक अमावास्या त्याहून कितीतरी चांगली. देवयानी दीर्घिका नोव्हेंबरच्या मध्यावर पावणेदहाच्या सुमारास आणि डिसेंबरच्या सुरुवातीला साडेआठला सर्वांत उंच असते. भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधा, त्याच्या ईशान्य कोपऱ्यावरून देवयानीच्या ताऱ्यांची रांग धरा. दुसऱ्या ठळक ताऱ्यापाशी शर्मिष्ठेच्या दिशेने वळा, दोन फिकट तारे ओलांडले की धुरकट लांबट डाग. तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. तिथून शर्मिष्ठा आणि ययाती यांच्या मध्ये बायनॉक्युलर नेलीत, की शेजारी शेजारी दोन खुले गुच्छ एकाच दृष्टिक्षेत्रात येतात. डिसेंबरअखेर त्यांची वेळ सव्वाआठ.

थंडीत त्रास दवाचा आणि ऊसपट्ट्यात पाचटाच्या धुराचा. दवासाठी नळीच्या तोंडावर योगाच्या जुन्या चटईचा पुंगळा बसवा. धुराला उपाय नाही, वाऱ्याची दिशा बघून जागा बदलायची. मी ऊस सोडून कोरडवाहू बाजूला जाते. विदर्भातल्यांसाठी पेंच आहे, २०२४ मध्ये जाहीर झालेलं देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेलं उद्यान. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था १९४४ पासून या कामात आहे, नवख्याने एकट्याने धडपडण्याआधी अशा जाणत्या लोकांसोबत एक रात्र काढावी.

माळावर पोचल्यावर पहिली वीस-तीस मिनिटं मोबाइल खिशात ठेवा. नकाशा बघायचाच, तर टॉर्चवर लाल जिलेटीन लावून. फिकट दीर्घिकेकडे थेट रोखून पाहू नका, नजर तिच्या किंचित बाजूला ठेवा. डोळ्याच्या कडेला मंद उजेड जास्त कळतो.

मग हवेची परीक्षा घ्या. हिवाळ्यात कृत्तिकांचे तारे मोजा. सहा दिसले तर ठीक, सात-आठ दिसले तर दीर्घिकांच्या वाटेला जा. उन्हाळ्यात पुष्यातला गुच्छ नुसत्या डोळ्यांनी धुरकट दिसतो का ते बघा. दिसला, तर कन्येकडे वळा. नाही दिसला, तर त्या रात्री खुल्या गुच्छांवर भागवा आणि पुढच्या अमावास्येवर खूण करून ठेवा.