विचित्र बातमीवर टिप्पणी लिहिताना

विचित्र बातमी हाती आली की आधी पोटभर हसून घ्यावे आणि मग ती शेवटपर्यंत वाचावी, कारण मथळ्यात जे अचाट दिसते त्याचा उलगडा बहुधा खालच्या परिच्छेदांत दडलेला असतो. ‘गोव्यात माड हे झाड नव्हे’ ही २०१६ सालची बातमी घ्या. फांद्या नसलेल्या माडावर विनोद करणे सोपे होते. परंतु १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून माड वगळल्याने त्याच्या तोडीवरील निर्बंध सैल होत होते, हे ज्याने एका वाक्यात सांगितले त्याचाच चिमटा नेमका बसला. पुढे २०१७ मध्ये माड पुन्हा झाड ठरला, शिवाय राज्यवृक्षही झाला. असा उत्तरार्ध हाताशी असताना पदरचे तिखटमीठ कशाला लावायचे?

थट्टा निर्णय घेणाऱ्याची करावी, माडावर चढणाऱ्या पाडेल्याची नव्हे. सांजावाला, म्हणजे गोव्यातील सेंट जॉनच्या सणाला, विहिरीत उड्या मारणारे आपल्या गोवेकरांना नित्याचे असले तरी परगावच्या वाचकासाठी २४ जूनचा संदर्भ द्यावा. बातमीत कोणी दगावले असेल, तर मात्र ती सरळ बाजूला ठेवावी.