जीपी सर्जरीत डॉक्टरऐवजी पॅरामेडिक भेटला, तर या चुका टाळा

आई साताऱ्याहून आमच्याकडे इंग्लंडला आली, त्या हिवाळ्यात तिचा खोकला हटेना. सर्जरीत, म्हणजे इथल्या जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) दवाखान्यात, आम्हाला पॅरामेडिकची, म्हणजे तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यकर्मीची, वेळ मिळाली. पॅरामेडिकने आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, बीपी घेतलं, पाठीला स्टेथोस्कोप लावून शांतपणे ऐकलं. "आणखी काही त्रास?" आई म्हणाली, "काही नाही." बाहेर आल्यावर मात्र हळूच, "जिना चढताना दम लागतो गं. पण म्हटलं, ते डॉक्टरांनाच सांगू."

डॉक्टर त्या दिवशी भेटणारच नव्हते. मी तिला तशीच परत आत नेलं. मग तपासणी नव्याने झाली, रक्त काढलं, ईसीजी झाला.

आपल्या माणसांची सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समोरची व्यक्ती "खरी डॉक्टर नाही" म्हणून निम्मं दुखणं पोटात ठेवायचं. सर्जरीतला पॅरामेडिक म्हणजे रुग्णवाहिकेवरचा मदतनीस नव्हे. त्याची एचसीपीसीकडे, म्हणजे आरोग्य व्यावसायिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी लागते, नोंदणीशिवाय ब्रिटनमध्ये कुणी स्वतःला पॅरामेडिक म्हणवू शकत नाही. जादा प्रशिक्षण घेतलेल्यांना 2018 पासून स्वतः औषधही लिहून देता येतं. 2019 पासून इंग्लंडमध्ये शेजारशेजारच्या सर्जरींच्या गटांना फार्मासिस्टसारख्यांच्या पगारासाठी वेगळा निधी मिळतो, पुढे त्यात फिजिओथेरपिस्ट आणि पॅरामेडिकही आले. पॅरामेडिकला शंका आली तर तो जीपीला विचारतो. पण तुम्ही सांगितलंच नाही, तर तो विचारणार काय?

रिसेप्शनिस्टने "काय होतंय?" विचारलं की राग येतो, मलाही यायचा. पण गुडघेदुखी थेट फिजिओकडे आणि गोळ्यांचा घोळ फार्मासिस्टकडे जातो तो त्या एका उत्तरावर. चारचौघांत सांगायचं नसेल तर "खासगी आहे" म्हणा, चालतं.

आत गेल्यावर नाव आणि हुद्दा विचारायला लाजू नका. फिजिशियन असोसिएट डॉक्टर नसतात आणि त्यांना औषध लिहून देता येत नाही, हे माहीत असलेलं बरं.

नोकरीवर आजारपणाचा दाखला हवा असेल तर वेळ घेतानाच सांगा. जुलै 2022 पासून डॉक्टरांबरोबर नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट फिट नोटवर, म्हणजे या दाखल्यावर, सही करू शकतात. पॅरामेडिक त्या यादीत नाही. पहिल्या सात दिवसांसाठी मात्र दाखला लागतच नाही.

छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, अशा वेळी "सर्जरीत पॅरामेडिक आहे ना" म्हणून तिथे फोन लावत बसू नका. थेट 999.

तेच दुखणं घेऊन तिसऱ्यांदा जावं लागलं तर तसं स्पष्ट सांगा आणि जीपीने पाहावं असा आग्रह धरा. इंग्लंडमध्ये 2025 साली जाहीर झालेला 'जेस रूल' हेच म्हणतो: तीनदा आलेल्या रुग्णाचा नव्याने विचार करा.

आणि गोळ्यांची नावं तोंडी सांगू नका. मधुमेहाची 'ग्लायकोमेट' इथे कुणाला कळत नाही, मेटफॉर्मिन कळतं. शिवाय 'ग्लायकोमेट जीपी' नावाची गोळी असेल तर तिच्यात ग्लिमेपिराइडही असतं, ज्याने साखर फार खाली जाऊ शकते. आई आता सगळ्या स्ट्रिप, अगदी आयुर्वेदिक चूर्णाच्या डबीसकट, एका पिशवीत घालून नेते आणि टेबलावर मांडते.