राखेच्या लीचिंग चाचणीचं काम: नव्यानं येणाऱ्यांसाठी

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून विदर्भातल्या पर्यावरण प्रयोगशाळेत लागलात, की लीचिंग चाचणीसाठी, म्हणजे राखेतून पाण्यात काय काय सुटतं हे तपासायला, राखेचा नमुना लवकरच हाती येतो. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही औष्णिक केंद्रं इथलीच, आणि आपल्या कोळशात राख साधारण 30 ते 45 टक्के. तिच्यातली बरीचशी पाण्यात कालवून राखेच्या बंधाऱ्यात सोडतात. बंधाऱ्याच्या उताराला गावं असतात, त्यांच्या विहिरी असतात. तुमचा अहवाल त्या विहिरींसाठी आहे.

सुरुवातीला शिकवतात ती टीसीएलपी, म्हणजे कचरा घातक आहे का हे ठरवणारी लीचिंग चाचणी. राखेच्या वीसपट अ‍ॅसिटिक आम्लाचं द्रावण, मिनिटाला 30 फेरे, सुमारे 18 तास. मग गाळून धातू मोजायचे. निकाल बहुधा मर्यादेत येतो आणि फाईल बंद होते. मला हे पटत नाही. ही चाचणी कुजणाऱ्या शहरी कचऱ्यासोबत टाकलेल्या मालासाठी बेतलेली आहे. राखेच्या बंधाऱ्यात कुजणारं काही नसतं, पाणीही बऱ्याचदा अल्कधर्मी असतं. शिसं, कॅडमियम आम्लात सुटतात; आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम अल्कधर्मी पाण्यातही मोकळे होतात, आणि नेमके तेच नजरेतून निसटतात. शिवाय टीसीएलपीत आर्सेनिकची मर्यादा लिटरला 5 मिलिग्रॅम, तर पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 मध्ये 0.01. पाचशे पटींचा फरक! ‘घातक कचरा नाही’ एवढ्यावरून विहिरीचं पाणी पिण्याजोगं ठरत नाही.

म्हणून ईपीएची, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, 1313 ही पद्धत शिकून घ्या. तीत एकच राख पीएच 2 ते 13 मधल्या नऊ टप्प्यांवर तपासतात आणि कोणता धातू कुठं सुटतो त्याचा आलेख मिळतो. बंधाऱ्यातल्या पाण्याचा पीएच त्या आलेखावर ठेवून पाहिला, की खरं चित्र कळतं. तिच्याच 1314 या पद्धतीत राख भरलेल्या नळीतून पाणी खालून वर सोडतात. वेळ जातो, पण सुरुवातीला किती बाहेर येतं आणि पुढे किती, हे तीच सांगते.

नमुना कुठला, हे आधी विचारा. ईएसपी हॉपरमधली (धुरातली राख विजेनं पकडणाऱ्या यंत्राखालच्या टाकीतली) कोरडी राख आणि वर्षानुवर्षं पाण्यात बसलेली बंधाऱ्यातली राख यांचे निकाल वेगळे येतात, कारण दुसरीतलं सहज विरघळणारं आधीच वाहून गेलेलं असतं. विहिरीचं पाणी धातूंसाठी आधी 0.45 मायक्रॉनमधून गाळायचं, मग नायट्रिक आम्ल घालायचं. उलट केलं तर गाळातला धातूही विरघळतो. सहासंयुजी क्रोमियमच्या बाटलीत आम्ल घालायचं नाही. आयसीपी-एमएसवर (धातू त्यांच्या वस्तुमानावरून मोजणाऱ्या यंत्रावर) नमुन्यात क्लोराईड जास्त असेल तर आर्गॉन क्लोराईड 75 वस्तुमानावर आर्सेनिक असल्याचा भास निर्माण करतं. ते टाळायला यंत्राचा हेलियम मोड लावा.

आणि बोरॉन मोजाच. तो पाण्याबरोबर जवळजवळ न अडता पुढे सरकतो, त्यामुळे राखेचं पाणी विहिरीकडे निघालंय याची खूण बहुधा आर्सेनिकच्या आधी त्याच्याकडून मिळते. त्यासाठी बोरोसिलिकेट काच वापरू नका, तिच्यातून बोरॉन उतरतो. प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या, आणि बंधाऱ्याच्या वरच्या अंगाच्या एका विहिरीचा नमुना तुलनेसाठी त्याच दिवशी आणा.