टायपिंगचं काम आणि 'कोर्टाची नोटीस'

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मी पुण्यात कॉट बेसिसवर राहत होते. मेसचे पैसे थकलेले. त्यात 'घरबसल्या डेटा एंट्री, रजिस्ट्रेशन फी नाही' असा मेसेज आला. फी मागत नाहीत म्हणजे काम खरं असणार, असं मी धरून चालले. आधी पैसे मागणारी नोकरी खोटी, हे आपल्याला सगळे सांगतात. नंतर पैसे उकळणारीही असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आधार, फोटो आणि सही मागवली. तीच सही एका करारावर चिकटवलेली परत आली. ५ दिवसांत ५०० फॉर्म, अचूकता ९० टक्के. रात्री जागून सगळे भरले. सहाव्या दिवशी 'क्यूसी रिपोर्ट', म्हणजे काम तपासल्याचा अहवाल: अचूकता कमी, करारभंग, ५,८०० रुपये भरा. कोणते फॉर्म चुकले ते विचारलं, तर उत्तरच नाही. मग दिवसभर फोन, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, 'आज पाचपर्यंत भरा, नाहीतर अटक.'

हात थरथरत होते. मैत्रिणीकडे उसने मागायला गेले, तर तिथे तिची लॉ शिकणारी ताई बसली होती. तिने नोटीस मोठी करून पाहिली. "केस नंबर कुठाय गं?" नव्हताच. पैसे भरायला दिलेला क्यूआर स्कॅन केला, तर कंपनीचं नाही, कुणा एका माणसाचं नाव आलं. करार मोडणं हा दिवाणी मामला, त्यासाठी पोलीस उचलून नेत नाहीत; वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे; आणि कोर्ट यूपीआयवर तडजोड करत नाही, हे तिने तिथल्या तिथे समजावलं. आम्ही चॅट, नंबर, करार सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार केली आणि मगच नंबर ब्लॉक केले. एक रुपयाही दिला नाही.

तुमचे पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. व्यवहाराचा यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा वेगळा क्रमांक) हाताशी ठेवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त.

कामासाठी लॅपटॉप देतो म्हणून मागितलेलं डिपॉझिट, टेलिग्रामवर लाइकचे पैसे देऊन नंतर 'प्रीपेड टास्क' (आधी आपणच पैसे भरायचे असं काम), हेही याच जातीचं. 'तुझं खातं वापरू दे, कमिशन देतो' म्हणणाऱ्याला मात्र दारातही उभं करू नका. चोरीचा पैसा तुमच्या खात्यातून फिरला की पोलीस आधी तुमच्याकडे येतात.

कंपनी खरी आहे का, ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर शोधता येतं. पण खऱ्या कंपनीचं नाव लावूनही फसवतात, म्हणून ऑफर लेटरवरच्या नंबरवर नको, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरच्या नंबरवर फोन करा. आधार द्यावंच लागलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. आणि कोऱ्या कागदावरच्या सहीचा फोटो कुणालाही पाठवू नका. माझी सही त्यांच्याकडे अजून आहे.