हाड मोडल्यावर काय करावे आणि जखम धोक्याची कधी समजावी

मोडलेले हाड बहुतेक वेळा काही तास थांबू शकते. त्याच्याभोवतीचे स्नायू, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या मात्र तेवढे थांबत नाहीत. हात किंवा पाय नीट बरा होणार की कायमचा अधू राहणार, हे एक्स-रेमधल्या भेगेपेक्षा अनेकदा दोन गोष्टींवर ठरते: बोटांपर्यंत रक्त पोचते आहे का आणि जखमेत जंतू शिरलेत का. म्हणून हाडाइतकेच लक्ष त्याच्या आजूबाजूला ठेवायचे.

मुका मार की फ्रॅक्चर?

हात किंवा पाय वाकडा दिसतो, सांधा नाही तिथे हलतो, हाड बाहेर आले आहे, अशा वेळी शंका उरत नाही. फसगत होते ती वरून सगळे ठीक दिसते तेव्हा. ‘बोटे हलतात, चालता येते, म्हणजे मोडलेले नाही’ हा समज चुकीचा आहे. हाडाला नुसती बारीक भेग गेली असेल तर माणूस त्यावर चालूही शकतो.

मुरगळलेल्या घोट्यासाठी डॉक्टर वापरतात ती तपासणी मोठ्या माणसाच्या बाबतीत घरीही करता येते. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडे वर आलेली असतात, त्यांच्या मागच्या कडेवर टोकापासून वर 6 सेंटीमीटरपर्यंत बोटाने दाबत जा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेवर साधारण मधोमध लागणारा उंचवटा दाबा आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचे हाड दाबा. यांपैकी कुठे नेमके हाडावर दुखले, किंवा लंगडतसुद्धा 4 पावले टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायलाच हवा. सूज किती आहे यावर जाऊ नका. अस्थिबंध (हाडांना हाडांशी जोडणारे पट्टे) फाटल्यावरही भरपूर सूज येते.

तळहात टेकून पडल्यावर मनगट दुखत असेल तर अंगठा ताणून धरा. त्याच्या मुळाशी दोन कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मध्ये एक खळगा दिसतो. तिथे दाबून दुखले तर स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडले असण्याची शक्यता धरावी. या हाडाचे फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. म्हणून मनगट आधारात ठेवून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. याला रक्तपुरवठा मुख्यतः एका टोकाकडून होतो, त्यामुळे दुर्लक्ष झाले तर दुसऱ्या टोकाचा तुकडा रक्तावाचून मरू शकतो.

वयस्कर व्यक्ती पडल्यानंतर एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असेल, तर खुब्याजवळचे हाड मोडले आहे असे धरूनच चाला. तुकडे जागचे हलले नसतील तर पाय अगदी सरळही दिसतो. तेव्हा जांघेत किंवा कधी नुसत्या गुडघ्यात दुखते.

लहान मुलांची हाडे ओल्या फांदीसारखी वाकून एका बाजूनेच तडकतात. त्यामुळे आकार फारसा बदलत नाही, पण मूल तो हात वापरायचे टाळते. सांध्याजवळ वाढीची चकती असते आणि तिला इजा झाली तर पुढे हात किंवा पाय आखूड वा वाकडा होऊ शकतो. ‘मुलांची हाडे काय, लगेच जुळतात’ म्हणून अंगावर काढू नका.

एक गोष्ट कधीच करू नये: हाड मोडले आहे का हे पाहण्यासाठी ते हलवून करकर आवाज येतो का ते बघणे. तुकड्यांच्या कडा धारदार असतात आणि शेजारूनच रक्तवाहिनी जात असते.

आधी रक्तस्राव, मग हाड

मांडीचे हाड मोडले तर त्वचेवर ओरखडा नसतानाही आतल्या आत एक ते दीड लिटर रक्त साचू शकते. कमरेच्या हाडांच्या मोठ्या फ्रॅक्चरमध्ये याहून जास्त. म्हणून चेहरा पांढराफटक पडणे, थंड घाम, नाडी जलद चालणे, बोलण्यात असंबद्धता ही लक्षणे दिसली तर आधार बांधत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांत मुंग्या असतील, तर आग किंवा वाहनांसारखा धोका नसेल तिथे माणसाला जागचे हलवू नका.

बाहेर रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने थेट दाबा आणि दाब सोडून मधेमधे बघू नका. हाड बाहेर आले असेल तर त्यावर न दाबता कडेने दाबा. पाण्याचा घोटही देऊ नका, कारण लगेच भूल देऊन शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

आधार कसा बांधावा

1. अंगठी, बांगड्या, घड्याळ आधी काढा. सूज वाढल्यावर ते निघत नाहीत आणि बोटाचा रक्तपुरवठा तोडतात.
2. बांधण्याआधी बोटांची तपासणी करा. नख 5 सेकंद दाबून सोडा. पांढरे पडलेले नख 2 सेकंदांत गुलाबी व्हायला हवे. हातपाय गार पडले असतील तर थोडा उशीर लागतो, म्हणून दुसऱ्या बाजूच्या नखाशी ताडून बघा. कातडी सावळी असेल तर नखाखालचा रंग उजेडात पाहा. बोटाला स्पर्श कळतो का, ते हलते का, हेही विचारा.
3. फळी, जाड पुठ्ठा किंवा गुंडाळलेली मासिके घ्या. लांबी इतकी हवी की मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे स्थिर राहतील. नडगी मोडली असेल तर गुडघ्याच्या वरपासून घोट्याच्या खालपर्यंत.
4. फळी आणि अंग यांच्यामध्ये मऊ कापड भरा, विशेषतः हाड वर आलेल्या जागी.
5. पट्ट्या मोडलेल्या जागेच्या वर आणि खाली बांधा, नेमक्या तिच्यावर नाही. पट्टीखालून एक बोट सहज जायला हवे.
6. बांधून झाल्यावर बोटांची तीच तपासणी पुन्हा करा, आणि दर 15 मिनिटांनी करत राहा. बोटे निळसर, गार किंवा बधिर झाली तर पट्टी लगेच सैल करा.

वाकडे झालेले अंग ओढून सरळ करू नका. आहे त्या स्थितीत आधार द्या. बर्फ कापडात गुंडाळून 15 ते 20 मिनिटे ठेवा. मालीश अजिबात नको.

फ्रॅक्चरजवळ जखम असेल तर

हाड बाहेर दिसले तरच ते उघडे फ्रॅक्चर, म्हणजे जखमेतून बाहेरच्या हवेशी जोडले गेलेले, असे नाही. हाडाचे टोक क्षणभर त्वचा फाडून बाहेर येते आणि परत आत जाते. मागे राहते जेमतेम 1 सेंटीमीटरचे छिद्र. त्यातून काळसर रक्त झिरपत राहते आणि कधी त्यावर चरबीचे थेंब तरंगताना दिसतात. मोडलेल्या जागेजवळ कितीही बारीक जखम असली तरी ती हाडापर्यंत पोचली आहे असेच समजा.

बाहेर आलेले हाड आत ढकलू नका, धूळ आणि जंतू त्याच्यासोबत आत जातील. हळद, पावडर, मलम काही लावू नका. स्वच्छ गॉज सलाइनमध्ये भिजवून जखमेवर ठेवा, वरून सैल पट्टी बांधा आणि निघा. अशा जखमेत शिरेतून प्रतिजैविक शक्यतो पहिल्या तासाभरात मिळावे लागते, म्हणून घरी जखम धुण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

धनुर्वाताची लस कधी घेतली ते आठवून सांगा. मूळ डोस पूर्ण झालेले असले तरी मळलेल्या जखमेसाठी शेवटच्या डोसाला 5 वर्षे, आणि स्वच्छ लहान जखमेसाठी 10 वर्षे झाली असतील तर बूस्टर लागतो. धनुर्वाताची लक्षणे साधारण 3 ते 21 दिवसांत दिसतात. सुरुवात बहुधा जबडा आखडण्याने होते, आणि तोवर जखम भरत आलेलीही असू शकते.

वेदना इजेच्या मानाने फार जास्त असेल तर

नडगी आणि कोपराखालच्या हाताचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणाच्या कप्प्यांत असतात. आत रक्तस्राव आणि सूज वाढली की कप्प्यातला दाब वाढतो आणि स्नायूंना रक्त मिळेनासे होते. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. काही तासांत, साधारण 6 तासांनंतर, स्नायू कायमचे मरू लागतात.

ओळखायचे कसे? आधार दिला, वेदनाशामक दिले, तरी ठणका कमी होण्याऐवजी वाढतच जातो. पोटरी लाकडासारखी कडक आणि चकचकीत होते. पायाचा अंगठा तुम्ही हळूच वर ताणला की रुग्ण कळवळतो. मुंग्या येणे, बधिरपणा ही पुढची पायरी. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, कारण नाडी नाहीशी होते ती फार उशिरा. अशा वेळी पट्टी सैल करा, पाय हृदयाच्या पातळीवर ठेवा, उंच उशीवर नको, आणि थेट इमर्जन्सी विभाग गाठा. प्लास्टर घातलेले असेल तर ते लगेच फोडून घ्यावे लागते. दाब उतरला नाही तर शस्त्रक्रियेने कप्पे मोकळे करतात. या एका बाबतीत ‘सकाळी बघू’ म्हणणे फार महागात पडते.

जखम चिघळते आहे का?

पहिले दोन-तीन दिवस कडेला थोडी लाली आणि ऊब असणे स्वाभाविक आहे. तिसऱ्या दिवसानंतर ती कमी व्हायला हवी. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. लाली रेघ ओलांडून पुढे गेली, पू आला किंवा ताप चढला तर त्याच दिवशी दाखवा. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, तिथे ऊब, सूज आणि कडकपणा कुठपर्यंत आहे ते बघून रेघ मारा.

लाली तासातासाला पुढे सरकते, किंवा दिसते त्यापेक्षा कितीतरी मोठ्या भागात असह्य दुखते, हे त्वचेखालचे थर मरत चालल्याचे लक्षण असू शकते. गॅस गँगरीन आणखी झपाट्याने वाढते. मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम जंतूंमुळे ते बहुधा 1 ते 4 दिवसांत, कधी काही तासांतच सुरू होते: अचानक तीव्र वेदना, त्वचा आधी फिकट मग तांबूस-जांभळी, काळसर द्रवाचे फोड, पातळ तपकिरी घाण वासाचा स्राव, आणि दाबल्यावर त्वचेखाली हवेचे बुडबुडे फुटल्यासारखी चरचर. दोन्हींत गोळ्यांनी भागत नाही. मेलेला भाग तातडीने काढावा लागतो. त्वचेवर काही दिसो न दिसो, जलद श्वास, गोंधळलेली मनःस्थिती आणि लघवी कमी होणे ही रक्तात संसर्ग पसरल्याची खूण समजा.

प्लास्टर घालून घरी आल्यावर

मांडी किंवा नडगीच्या फ्रॅक्चरनंतर 1 ते 3 दिवसांत धाप लागली, माणूस असंबद्ध बोलू लागला, छातीवर किंवा काखेत बारीक लाल ठिपके उठले, तर हाडातली चरबी रक्तात मिसळून फुप्फुसांत अडकली असू शकते. त्यानंतरच्या आठवड्यांत एका पोटरीची सूज आणि दुखणे म्हणजे शिरेत रक्ताची गाठ असण्याची शंका. त्यात छातीत दुखून धाप लागली तर गाठ फुप्फुसात पोचली असे धरून लगेच निघा.

प्लास्टरच्या आत खाज आली तरी फूटपट्टी, पेन काही घालू नका. ओरखडा उमटतो आणि तो बंद जागेत चिघळतो. एकाच जागी जळजळ होत असेल, प्लास्टरवर ओला डाग दिसला किंवा घाण वास येऊ लागला, तर आत व्रण झालेला असू शकतो. ठरलेल्या तारखेची वाट न बघता प्लास्टर तपासून घ्या. काही दिवसांनी ती जळजळ आपोआप थांबली तरीही दाखवा, कारण तिथली त्वचा मेल्यामुळे दुखणे थांबलेले असू शकते.