शिकवता शिकवता स्वतःचं पेंटिंग चालू कसं ठेवायचं

एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) किंवा जीडी आर्ट (चित्रकलेचा सरकारी डिप्लोमा) झालं, शाळेत नोकरी लागली किंवा घरीच ड्रॉइंगचे क्लास सुरू केले की बहुतेकांचं एकच होतं, दिवसभर पोरांचे कागद बघायचे आणि स्वतःचा कॅनव्हास कपाटामागे पडून राहतो. शिकवणं आणि चित्र काढणं एकत्र जमत नाही असं कोणी म्हणालं तर पटवून घेऊ नका. चित्रकार शंकर पळशीकर जेजेत, म्हणजे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, शिकवायचे, पुढे तिथेच डीन झाले, आणि त्यांचे विद्यार्थी प्रभाकर कोलते यांनीही १९७२ पासून वीसेक वर्षं तिथेच शिकवलं, अमूर्त चित्रकार म्हणून त्यांचं नाव झालं ते शिकवत असतानाच.

पहिलं काम म्हणजे स्वतःचं पेंटिंग क्लासच्या आधी करा, नंतर नाही. संध्याकाळी वीस पोरांच्या शेडिंगवर बोलून झालं की डोळे थकलेले असतात, तेव्हा रंग नीट दिसतच नाही. सकाळचा दीड तास मिळाला तरी पुष्कळ आहे, फक्त जागा अशी हवी की पॅलेट, ब्रश, कॅनव्हास मांडलेलंच राहील, कारण रोज काढा-भरा करण्यातच अर्धा वेळ जातो आणि मग कंटाळा येतो. एवढ्या तुकड्या-तुकड्याच्या वेळात ऑइल बरं पडतं, काल लावलेला रंग आज ओला असतो, कडा परत मऊ करता येतात. अ‍ॅक्रेलिक हवं असेल तर छोट्या साइजवर करा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते पॅलेटवरच सुकतं.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या, म्हणजे शाळेतल्या पोरांच्या सरकारी ड्रॉइंग परीक्षांच्या सीझनमध्ये मोठा कॅनव्हास सुरूच करू नका. स्मरणचित्र, संकल्पचित्र (डिझाइन) असे पेपर, पालकांचे फोन, यातून डोकं मोकळं होत नाही. त्या दिवसांत स्केचबुक. क्लाससाठी मांडलेलं स्थिरचित्र पोरं गेल्यावर लगेच आवरू नका, तो तांब्या, ती कांदे-वांगी, मागचा कापड तसंच ठेवून अर्धा तास तुम्ही स्वतः काढा, कापडाची सावली तांब्याच्या पोटावर कुठला रंग टाकते तेवढंच बघा. दुसऱ्या दिवशी शिकवताना काय बोलायचं ते आपोआप सुचतं, हे मला या सगळ्या धंद्यातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

आणि एक, पोरांच्या चित्रावर आपला हात फिरवू नका. चूक दाखवायची तर बाजूच्या कोऱ्या जागेत छोटं काढून दाखवा. नाहीतर क्लासमधली सगळी चित्रं तुमच्यासारखी दिसायला लागतात, आणि तोच तोच सफाईदार फटका मारून तुमचाही हात घट्ट होतो, मग तोच घट्टपणा स्वतःच्या कॅनव्हासवर उतरतो.

प्रदर्शनाचं म्हणाल तर बॉम्बे आर्ट सोसायटी (स्थापना १८८८) आणि राज्य कला प्रदर्शन, या दोन्हीकडे दरवर्षी काम पाठवत जा, सिलेक्ट होवो न होवो. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत सोलो, म्हणजे एकट्याचं प्रदर्शन, हवं असेल तर अर्ज आत्ताच करा, तिथली वेटिंग काही वर्षांची असते, चित्रं तोपर्यंत होतील. प्रत्येक चित्र झालं की फ्रेम करायच्या आधी सावलीतल्या उजेडात सरळ समोरून फोटो काढा, काच लावल्यावर रिफ्लेक्शन येतं. मागच्या बाजूला नाव, साल, माध्यम, साइज आणि सही टाका, आणि तेच सगळं किंमतीसकट एका वहीत लिहा, विकलं तर कोणाला तेही.