टीव्हीवर माणसं बसकी दिसतात? ॲस्पेक्ट रेशो (चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) असा लावा

चित्र ताणलेलं दिसलं की हात आधी टीव्हीच्या रिमोटकडे जातो. गडबड मात्र बऱ्याचदा सेट-टॉप बॉक्समध्ये असते. बॉक्स, एव्ही रिसीव्हर (बॉक्स आणि टीव्ही यांच्यामध्ये जोडलेलं, स्पीकरना आवाज पुरवणारं यंत्र) आणि टीव्ही, तिघंही चित्राचा आकार बदलू शकतात. हे काम एकानेच करायला हवं, म्हणून जिथून चित्र निघतं तिथून तपासत टीव्हीपर्यंत यायचं.

बॉक्सच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार १६:९, म्हणजे रुंदी १६ तर उंची ९, असा ठेवा. ४:३ कार्यक्रमांसाठी वेगळा पर्याय असेल तर 'स्ट्रेच' किंवा 'फुल' नको, 'पिलरबॉक्स' (डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या) किंवा 'ओरिजिनल' घ्या. इथे चुकून '४:३ लेटरबॉक्स' राहिलं असेल तर एचडी चॅनलभोवती चारही बाजूंनी काळी चौकट दिसते : वरखालच्या पट्ट्या बॉक्स टाकतो, डाव्या-उजव्या टीव्ही.

डीव्हीडी प्लेअरमध्ये हीच चूक जास्त महागात पडते. आपल्याकडच्या पाल (टीव्ही प्रसारणाची पद्धत) डीव्हीडीत ५७६ ओळी असतात. वाइड डिस्क 'लेटरबॉक्स'मध्ये लावली की त्यातल्या ४३२ ओळीच चित्राच्या वाट्याला येतात. मग टीव्हीवर झूम करून पडदा भरेल, पण गेलेला तपशील परत येणार नाही.

रिसीव्हरमध्ये स्केलिंग, म्हणजे चित्राचा आकार बदलण्याची सोय, असेल तर ते बंद करून चित्र जसंच्या तसं पुढे जाऊ द्या.

आता टीव्ही. १६:९ निवडा आणि ओव्हरस्कॅन बंद करा. एलजीवर 'जस्ट स्कॅन', सॅमसंगवर 'फिट टू स्क्रीन', सोनीवर 'डिस्प्ले एरिया'मध्ये 'फुल पिक्सेल' अशी नावं आढळतात. मॉडेलनुसार थोडा फरक पडतो. ओव्हरस्कॅन चालू असला की चित्राच्या कडा कापल्या जातात. लॅपटॉप जोडल्यावर टास्कबार अर्धवट दिसला तर हेच कारण. बऱ्याच टीव्हींमध्ये ही सेटिंग प्रत्येक एचडीएमआय इनपुटसाठी वेगळी साठवली जाते, तेव्हा एकदा लावून मोकळं होता येत नाही. आणि चित्राचा आकार आपोआप बदलणारा 'ऑटो वाइड' बंदच बरा. जाहिरात लागली की चित्र उड्या मारतं.

इतकं करूनही काळ्या पट्ट्या दिसतील, आणि त्या दिसायलाच हव्यात. २.३९:१ चा सिनेमास्कोप सिनेमा १९२०×१०८० च्या पडद्यावर साधारण ८०३ ओळीच व्यापतो. झूम करून पट्ट्या घालवल्या तर दोन्ही बाजूंचं मिळून पाव चित्र कापलं जातं, म्हणजे कडेला उभा असलेला नट गायब. जुना ४:३ कृष्णधवल सिनेमा १४४० पिक्सेल रुंदीत बसतो आणि दोन्हीकडे २४०-२४० पिक्सेल काळे राहतात. तो ताणला तर सगळे एक तृतीयांशाने, म्हणजे ३३ टक्के, रुंद होतात. पैसे दिलेला पडदा पुरता वापरला जात नाही असं वाटणं साहजिक आहे, तरीही ताणू नका.

खात्रीसाठी गोल असलेली टेस्ट इमेज चालवा आणि पडद्यावर मोजपट्टी लावा. उभी-आडवी मापं सारखी यायला हवीत. इमेज त्याच बॉक्समधून किंवा प्लेअरमधून चालवा. टीव्हीच्या यूएसबीला पेन ड्राइव्ह लावला तर फक्त टीव्ही तपासला जाईल.

कधीकधी दोष चॅनलचाच असतो. कोपऱ्यातला लोगो गोल आहे, पण माणसं फुगलेली, तर ताणाताण चॅनलकडेच झाली आहे, कारण लोगो त्यानंतर चढवला जातो. तेवढ्यापुरतं टीव्हीवर ४:३ करा. चेहरे जागेवर येतील, लोगो मात्र उभट होईल. कार्यक्रम संपला की १६:९ वर परत या.